हत्तरकींचा स्लॅब

विरूपाक्ष सिद्धाप्पा हत्तरकी यांनी आठ वर्षं संस्थानात आणि पंचवीस वर्षं सरकारात नोकरी केली. सप्टेंबर १९७४ च्या तीस तारखेला ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. साहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, "हत्तरकींच्या सेवेबद्दल सरकार त्यांचं कायम ऋणी राहील." टाळ्या झाल्या. विरूपाक्षरावांचे डोळे पाणावले. निरोपाच्या भाषणातलं बोलणं कुणी शब्दशः घेत नसतं. पण हे वाक्य सरकारनं शब्दशः घेतलंय, हे कळायला विरूपाक्षरावांना पुढं दीड महिना लागला.

तो दीड महिना ते खुशीत होते. रंकाळ्याच्या पलीकडं, फुलेवाडीच्या पुढं उसाच्या रानाला लागून त्यांनी जागा घेतली होती आणि तिथं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर इतकं घर उभं राहत होतं. फंडाच्या पैशात जागा आली, भिंती आल्या, दारंखिडक्या आल्या. राहिला स्लॅब. निसार मिस्त्री म्हणाला, "साहेब, सगळं अंग झाकलं. आता टोपी तेवढी ऱ्हायली." टोपीसाठी साठ पोती सिमेंटचं परमिट आठ महिने हेलपाटे घालून मिळवलेलं होतं. मुदत नव्वद दिवस. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले की सिमेंट उचलायचं, स्लॅब टाकायचा आणि नव्या वर्षाच्या आत सरकारी क्वार्टर सोडायचं, असा साधासरळ बेत होता. निवृत्तीनंतर तीन महिने क्वार्टरमध्ये राहायला परवानगी होतीच. इतका सरळ बेत सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं घालवलेल्या माणसानं कसा काय केला, याचं आश्चर्य पुढं त्यांचं त्यांनाच वाटलं.

ते सालच वाईट होतं. कोल्हापूरच्या चारी अंगांना साखर कारखाने, आणि घरोघर चहात गूळ. सरकारची तिजोरी म्हणे तळाला गेली होती. नोकरांच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सरकारनं सक्तीची ठेव म्हणून आपल्याकडंच ठेवून घेतला होता. कचेरीत काटकसरीचं परिपत्रक फिरलं होतं. कागद दोन्ही बाजूंनी वापरावा, टाचण्या मोजून द्याव्यात, बल्ब चाळीसच्या वरचा लावू नये, आणि कोणतीही दुरुस्ती करू नये. या शेवटच्या कलमाचा आपल्या पेन्शनशी काही संबंध असेल, असं विरूपाक्षरावांना स्वप्नातही वाटलं नसतं.

नोव्हेंबरच्या मध्याला ते कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता उपळेकर बसत होता. उपळेकरला त्यांनीच तयार केलं होतं. अर्ज आला की नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही, त्रुटी काढायची. एकदम सगळ्या काढायच्या नाहीत, एक दूर झाली की दुसरी. हे सगळं शिकवलेलं पोरगं आज चष्मा पुसत म्हणालं, "अण्णा, बसा. तुमचं प्रकरण चालू आहे."

'चालू आहे' म्हणजे काय, हे त्या इमारतीत विरूपाक्षरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"फाईल कुठं आहे?"

"कार्यवाहीत आहे."

खरं उत्तर जिन्यात मिळालं. केरबा शिपाई त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "अण्णा, तुमची फाईल खिडकीला हाय."

"कुठल्या खिडकीला?"

"रेकॉर्ड रूमच्या. काच फुटलीया न्हवं? दुरुस्ती बंद. वारा येतोय, कबुतरं येत्यात. मग उपळेकर साहेब म्हणाले, जाड बघून एक फाईल लाव. समद्यात जाड तुमचीच. तेहतीस वर्षाची हाय की!" केरबाच्या आवाजात अभिमान होता.

विरूपाक्षरावांनी जाऊन पाहिलं. त्यांची सगळी नोकरी, संस्थानी मोडीतल्या पहिल्या हुकुमासकट, सुतळीनं गजाला बांधून चौकटीत बसवलेली होती. बाहेरच्या अंगाला कबुतरांनी आपला अभिप्राय नोंदवला होता.

दुसऱ्या दिवशी ते सायकलच्या कॅरिअरला निसारची एक सेंटरिंगची फळी बांधून कचेरीत हजर. फळी लावा, फाईल काढा. उपळेकरनं मान हलवली. "अण्णा, खासगी फळी सरकारी खिडकीला लावता येत नाही. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद पाहिजे. नोंदीला खरेदीची पावती पाहिजे. आणि खरेदीला बंदी आहे."

"मग माझी फाईल लावलीस, तिची नोंद केलीस का?"

"फाईल सरकारीच आहे, अण्णा."

उत्तर बिनतोड होतं. आपल्या शिष्यानं दिलं म्हणून क्षणभर विरूपाक्षरावांना बरंही वाटलं. शेवटी केरबानंच मार्ग काढला. त्यानं दुसरी एक जाड फाईल आणून खिडकीला बांधली आणि पहिली सोडवली. "ही कुणाची?" विरूपाक्षरावांनी विचारलं. "चंदगडकडच्या एका तलाठ्याची," केरबा म्हणाला. "त्येंच्याकडं लई पाऊस. फाईलला सवय असंल." विरूपाक्षरावांना त्या अनोळखी तलाठ्याबद्दल रात्रीच्या जेवणापर्यंत अपराधी वाटत राहिलं.

फाईल टेबलावर आली आणि पहिली त्रुटी निघाली. क्वार्टरचा नो ड्यूजचा दाखला जोडलेला नाही. म्हणजे भाडं, वीज, मोडतोड यांपैकी काही देणं नाही असा दाखला. तो कधी मिळतो? क्वार्टर सोडून ताबा दिल्यावर. क्वार्टर कधी सोडणार? घराला स्लॅब पडल्यावर. स्लॅब कधी पडणार? ग्रॅच्युइटी मिळाल्यावर. आणि ग्रॅच्युइटी, पेन्शन दोन्ही नो ड्यूजच्या दाखल्याशिवाय नाही.

"हा नियम कुठल्या गाढवानं केला?" विरूपाक्षराव पहिल्यांदाच त्या खोलीत ओरडले.

उपळेकरनं मुकाट्यानं १९६१ चं परिपत्रक पुढं सरकवलं. खाली कोपऱ्यात बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मसुदा, वि. सि. हत्तरकी.

त्यांनी परिपत्रक दोनदा वाचलं. भाषा फार चांगली होती. पळवाट एकही ठेवलेली नव्हती.

ही बातमी लाइन बाजारच्या क्वार्टरच्या चाळीत पोचायला संध्याकाळ लागली नाही. तीन नंबरचे गणपतराव ताटावरून उठून, हातही न पुसता आले. गणपतरावांना अजून दोन वर्षं नोकरी होती, पण निवृत्तीवरचा सल्ला ते दहा वर्षं देत आले होते. "विरूपाक्षराव, तुम्ही आजारी पडा. हार्टचं सांगा. सरकार जित्या माणसाला भीत न्हाय, मरणाऱ्याला भितंय."

"आणि खरंच मेलो तर?"

"मग फॅमिली पेन्शन. त्येचा फॉर्म सोपा हाय म्हणत्यात."

आतून विरूपाक्षरावांच्या पत्नीनं, बसम्मानं, पातेलं जरा जोरात आपटलं. गणपतरावांनी विषय बदलला.

शेजारच्या धोंडुबाईंचा सल्ला जास्त व्यवहारी होता. "भावजी, दारात एक म्हस बांधा. सरकारी माणूस माणसाला हाकलतोय, म्हशीला हात लावत न्हाय. तिचा पंचनामा करावा लागतोय, वैरण घालावी लागती, आन् येली तर रेडकाची जबाबदारी कुणाची?" यात कायद्याच्या दृष्टीनं तथ्य होतं. विरूपाक्षरावांनी त्यावर एक पूर्ण दुपार विचार केला.

जयसिंगपूरहून जावयाचं पत्र आलं, की मामांनी आणि मामींनी इकडंच यावं, माडीवरची खोली रिकामीच आहे. पत्र अगदी मनापासूनचं होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या माणसानं म्हातारपणी जावयाच्या माडीचा जिना चढायचा? त्यांनी उत्तर लिहिलं: 'आमचे सर्व काही ठीक. प्रकरण चालू आहे.'

डिसेंबर सरत आला. पेन्शनचा पत्ता नाही. बसम्माचा भाऊ गडहिंग्लजहून तांदूळ आणि गूळ पाठवत होता, त्यावर घर चाललं होतं. साठ पोत्यांचं परमिट मुदत संपून रद्दी झालं. ते त्यांनी घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवलं. टाकवेना. आणि सव्वीस तारखेला केरबा नोटीस घेऊन आला. क्वार्टर पाच जानेवारीला रिकामं करून द्यावं, न दिल्यास बाजारभावानं भाडं लावून सामान बाहेर काढण्यात येईल. केरबानं डोळे खाली घालून सही घेतली. "अण्णा, म्या काय करू? मला तुमीच शिकवलंय, नोटीस बजावल्याबिगर माघारी यायचं न्हाय."

त्या संध्याकाळी विरूपाक्षराव कट्ट्यावर नुसते बसून राहिले. आजारी पडावं, म्हैस बांधावी, की जयसिंगपूरला जावं? बसम्मा बाहेर आली. ती निपाणीकडची, 'अहो'ला कानडी 'री' म्हणणारी, कमी बोलणारी, आणि बोलली तर एकदम.

"रीऽ, भिंती हायत न्हवं आपल्या?"

"हायत की."

"दाराला कुलूप लागतंय?"

"लागतंय."

"मग उठा. भिंती आपल्या, कुलूप आपलं. वरचं बघू. ह्यांच्या दाराम्होरं किती दिस बसायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघं निसारकडं गेले. निसारनं दाढी खाजवली आणि फुलेवाडीच्या रानाकडं बोट केलं. गुऱ्हाळं ऐन भरात होती. ऊस तोडून बांधाबांधावर पाल्याचे ढीग पडले होते. "साहेब, गुऱ्हाळवाल्याच्या डोक्यावर काय असतंय? पालाच की. बांबू मी आणतो, पाला कुणीबी देईल. स्लॅब मागनं घालू. मजुरी स्लॅबच्या वक्ताला."

"निसार, तुला द्यायला आत्ता माझ्याकडं..."

"मी काय दाखला मागितला काय, साहेब?" निसार म्हणाला, आणि तो विषय संपला.

चार दिवसांत छप्पर चढलं. चाळीतली माणसं सुट्टी बघून आली. गणपतरावांनी शिडीच्या तळाला उभं राहून सल्ला दिला, आणि तो कुणी ऐकत नाही म्हटल्यावर स्वतःच पाल्याच्या पेंढ्या वर फेकायला लागले. धोंडुबाईंनी भाकरी आणि खर्डा आणला. विरूपाक्षरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सुतळीची गाठ फाईलऐवजी बांबूला मारली. पाल्यानं हात कापले, मानेत कूस गेलं, रात्रभर अंग खाजलं. पण सकाळी उठले ते वेगळेच उठले. आरशात बघून मिशीला पीळ दिला आणि बसम्माला म्हणाले, "आता ताबा कसा देतात, ते दाखवतो."

पाच जानेवारीला सामान बैलगाडीनं फुलेवाडीला गेलं. विरूपाक्षरावांनी रिकामं क्वार्टर झाडून घेतलं, खिळे मोजले, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि कोट घालून उंबऱ्यावर बसले.

अकरा वाजता उपळेकर आला. पण एकटा नव्हता. मागं हातगाडी. गाडीवर गाद्या, हंडे, पाळणा, आणि सगळ्यांच्या वर ट्रंकेवर बसलेली त्याची आई चिमणाबाई. मागून कडेवर पोर घेतलेली बायको. विरूपाक्षरावांचं क्वार्टर उपळेकरलाच मिळालं होतं! मंगळवार पेठेतल्या घरमालकानं भाडं वाढवलं होतं, ते परवडेना म्हणून त्यानं ती खोली सकाळीच सोडली होती.

"अण्णा, किल्ली," उपळेकर म्हणाला.

"दाखला," विरूपाक्षराव म्हणाले.

"दाखला ताबा घेतल्यावर मिळतो."

"ताबा दाखला मिळाल्यावर मिळतो."

"पण नियम..."

"नियम मी लिहिलाय, उपळेकर. त्यात ताबा 'द्यावा' असं आहे. 'घ्यावा' असं कुठं आहे? मी द्यायला बसलोय. देतोच आहे. पण संध्याकाळपर्यंत की उद्यापर्यंत, ते त्यात लिहिलेलं नाही."

सगळी चाळ दारात जमली. बारा वाजले. ऊन चढलं. पाळण्यातलं भांडं घरंगळून खाली पडलं. हातगाडीवाला म्हणाला, "साहेब, माझी खोटी व्हाय लागलीया. थांबायचं येगळं पैसं पडतील." उपळेकर आत डोकावून बल्ब आहे का बघू लागला. यादीप्रमाणं एक बल्ब पाहिजे, असं म्हणाला. विरूपाक्षरावांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला चाळीसचा बल्ब काढून उंबऱ्यावर ठेवला. "तपासून घ्या. एकशे दहा खिळे, दोन कड्या, एक नळ, गळका. १९५८ साली ताबा घेतला तेव्हाही गळकाच होता. नोंद आहे."

समोर पोर रडत होतं. त्या पोराचा काही दोष नव्हता, हे विरूपाक्षरावांना दिसत होतं. पण आज उठलो तर कधीच मिळणार नाही, हेही दिसत होतं. ते हलले नाहीत.

शेवटी ट्रंकेवरून चिमणाबाईंचा आवाज आला. "आरं ए बाळ्या! त्या मानसानं तुला हाताला धरून ल्ह्यायला शिकवलं न्हवं? मग ल्ही की त्यो कागूद! माझी कंबार मोडली हितं बसून. तू बी एक दिस म्हातारा व्हशील की न्हाय?"

उपळेकरचं तोंड लाल झालं. त्यानं ट्रंकेच्या कडेला कागद टेकवला आणि दाखला लिहिला. केरबा पळत जाऊन शिक्का घेऊन आला. शिक्का उमटेना. काटकसरीत स्टँपपॅडला शाई घालायची बंद होती. बसम्मा पुढं आली. तिचा करंडा सामानाबरोबर फुलेवाडीला गेला होता, पण धोंडुबाईंच्या करंड्यात कुंकू होतं. त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले आणि शिक्का लालभडक उठला.

विरूपाक्षरावांनी दाखला शब्द न शब्द वाचला, एक वेलांटी सुधारून घेतली, आणि किल्ली सोडून दिली. जाताना त्यांनी चिमणाबाईंना हात देऊन गाडीवरून उतरवलं.

दाखला जोडला गेला. फेब्रुवारीत बिल तयार झालं आणि ट्रेझरीतून परत आलं: लाल शिक्क्याचा खुलासा व्हावा. खुलासा उपळेकरनं स्वतः लिहिला, एका दिवसात, न मागता. मार्चच्या एकोणतीस तारखेला सगळं पूर्ण होतं, आणि त्याच संध्याकाळी फुलेवाडीच्या पाल्याच्या घरासमोर सरकारी जीप येऊन थांबली.

साहेब स्वतः आले होते. बसम्मानं गुळाचा चहा दिला. साहेबांनी घाम पुसला. "हत्तरकी, तुमचं बिल तयार आहे. पण अल्पबचतीचं उद्दिष्ट तीन हजारांनी कमी पडतंय, आणि वर्ष परवा संपतंय. तुम्ही ग्रॅच्युइटीतून तीन हजारांची सर्टिफिकेटं घ्या. तेवढी सरकारला मदत. उरलेले उद्याच्या उद्या रोख. नाही तर बिल पुढच्या वर्षाच्या निधीत जाईल. मग केव्हा निघेल, ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे सरकारकडं माझे पैसे आहेत, ते मिळावेत म्हणून त्यातलेच मी सरकारला उसने द्यायचे?"

"व्याज मिळेल."

विरूपाक्षरावांनी वर पाहिलं. पाला वाळून पिवळा पडला होता, आणि एका ठिकाणी आभाळ दिसत होतं. तीन हजार सोडले तर पावसाच्या आत निम्म्या घरावर तरी स्लॅब पडला असता. तेहतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. त्रुटी काढल्या होत्या, पण नाही कधीच नाही. तो शब्द तोंडात कसा बसतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"न्हाय," ते म्हणाले. घशातून अस्सल कोल्हापुरी निघालं. "पुढच्या वर्षात द्या. पण सगळे द्या."

"अहो, जूनला पाऊस आहे. गळेल हे."

"गळू दे की," बसम्मा आतून म्हणाली. "आमचं आमी पुसतो."

साहेब उठले. पाल्याची वळचण दारावर खाली आली होती. ताठ निघालेल्या साहेबांची टोपी त्यात अडकून मागं पडली. ती उचलून, वाकून, त्यांना बाहेर जावं लागलं.

पावसात घर गळलं. सात ठिकाणी. बसम्मानं सात भांडी मांडली आणि रोज पुसलं. खोकला झाला, गव्हात टोके झाले, गणपतराव छत्री घेऊन आले आणि तीच उघडून घरात बसले. पण ऑगस्टच्या एकोणीसला ग्रॅच्युइटी आली, मागच्या सगळ्या पेन्शनीसकट, सर्टिफिकेटाचा एक कागदही न चिकटता. त्या आठवड्यात विरूपाक्षराव कचेरीत गेले ते दोन कामांसाठी. एक, पेन्शनच्या पुस्तकावर सही. आणि दोन, चंदगडच्या त्या तलाठ्याची फाईल खिडकीतून काढून, स्वतः उभं राहून, उपळेकरकडून मार्गी लावून घेणं. खिडकी उघडी राहिली. कबुतरांची सोय झाली.

पुन्हा हेलपाटे घालून सिमेंटचं नवं परमिट काढलं, आणि दसऱ्यानंतर निसारनं सेंटरिंग उभं केलं. स्लॅबच्या सकाळी विरूपाक्षरावांनी त्याला दारासमोर उभं केलं आणि हातानं उंची दाखवली. "दारावरचा छज्जा इथं घाल. इतकाच खाली."

निसारनं मोजलं. "साहेब, ह्यो डोक्याला लागतोय की. कोणबी आलं तरी वाकल्याबिगर जायचा न्हाय."

"तसाच पायजे."

"पर मग रोज तुमालाबी वाकावं लागंल."

विरूपाक्षरावांनी सिमेंटचं पहिलं घमेलं उचलून त्याच्या हातात दिलं.

"माझं घर हाय, निसार. हितं वाकायला मला कसली लाज?"